बाळ आंबट आहे

मायाक्काच्या तोंडून कुठल्या जित्या वस्तूला चांगलं म्हटलेलं वस्तीत कुणाच्या ऐकण्यात नाही. माणूस असो, मेंढरू असो, नाहीतर परड्यातलं वांग्याचं रोप असो. चांगलं म्हटलं की नजर लागते, आणि सगळ्यात वाईट नजर कुणाची, तर आपलीच, एवढं तिच्या आईनं तिला दुधाबरोबर पाजलेलं. बाजारात व्यापारी कोकराच्या पाठीवरनं हात फिरवायला लागला की ही मधीच सांगायची, "रोगट हाय बरं का, बगून घ्या." शेवटी तिचा नवरा ज्ञानबा बाजाराच्या दिवशी तिला चहाच्या टपरीवर बसवून पुढं जायला लागला. विकून झालं की हाक मारायचा.

वस्ती मंगळवेढ्याच्या अलीकडं, ज्वारीच्या काळ्या रानात. एकुलत्या एका पोराचं नाव शाळेत भारत आणि घरात उकिरड्या. त्या उकिरड्याला आता मुलगी झालेली.

सून प्रियंका सोलापूरच्या भवानी पेठेतली. तीही धनगराचीच, पण बाप चादरीच्या कारखान्यात कामाला, मेंढरू तिनं लांबनंच बघितलेलं. तिच्या माहेरी लेकराच्या गालाला तीट लावायची आणि मग पोटभर कौतुक करायचं. तीट त्यासाठीच तर असते. इथं सासू सकाळी पाळण्यात वाकायची आणि म्हणायची, "काय गं ए काळतोंडे, उठलीस व्हय, शेंबडे?"

प्रियंकानं आधी सोसलं. मग शेजारच्या मथुराबाईनं काडी घातली, "नातू पायजे हुता गं तिला." तेवढं पुरलं.

त्यात प्रियंकाची आई बाळाला बघायला आली. मांडीवर घेऊन म्हणाली, "किती गोंडस हाय की ओ, इहीनबाई!"

मायाक्काचं काळीज लकलकलं. घाईघाईनं म्हणाली, "कशाचं गोंडस? ध्यान हाय नुसतं. माकडाचं पिल्लू बरं."

इहीनबाईंचा चहा बशीतच राहिला. त्या गेल्या, आणि प्रियंकानं पिशव्या भरायला काढल्या. झबली, दुपटी, कुंची, एवढंच काय, पाळण्याची दोरीसुद्धा सोडून आत कोंबली. सोमवारच्या गाडीनं जायचं. परत कधी, ते काही सांगेना.

मायाक्काला उलगडाच होईना. लेकराला आपण जिवापाड राखतोय, मग हिला राग कशाचा? भारतला विचारलं तर तो म्हणाला, "आये, तुज्या तोंडाचा." तोंडाला काय झालंय, हे तिला तरी कळेना.

सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, मायाक्काची परीक्षा. झेडपीच्या शाळेत म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षरं शिकवायचा वर्ग चालायचा. तिथं तिचं नाव प्रियंकानंच घातलेलं. "बँकेत तुमी अंगठा लावता, लाज मला वाटती," म्हणून. पाळणा हलवत हलवत काना-मात्रा शिकवली तीही तिनंच. आता ती घरात बोलेना, पण रविवारी सकाळी पेन्सिलीला टोक मात्र काढून दिलं.

शाळेत पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मायाक्का बसली. नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, बेरीज केली. मग आला तो प्रश्न. वर चौकटीत चार शब्द होते: उंच, काळी, आंबट, गोंडस. खाली चार वाक्यं, मधी रिकामी जागा. गुरुलिंग मास्तर ओरडून सांगत होते, "योग्य विशेषण लिवायचं! एक शब्द एकदाच! एक बी जागा मोकळी सोडायची न्हाय!"

शिखर उंच. जमीन काळी. हितवर गाडी सुरळीत आली. उरल्या दोन जागा: 'चिंच _____ असते' आणि 'बाळ _____ आहे'. उरले दोन शब्द.

मायाक्का घामाघूम. कुठला शब्द कुठं जातो ते तिला न कळायला ती काय येडी होती? पण बोललेलं वाऱ्यावर जातं, लिवलेलं राहतं. हे मास्तर वाचणार, मास्तराचा साहेब वाचणार, गठ्ठा तालुक्याला जाणार. आख्ख्या तालुक्याची नजर लागली तर उतरवायला मीठ-मोहऱ्या आणायच्या कुठनं? घरात बाळ एकच, मग हे बाळ दुसरं कुणाचं असणार? आणि जागा मोकळी सोडायची नाही. तिनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि लिहून टाकलं.

संध्याकाळी मास्तर पेपर घेऊन थेट अंगणात आले. "मायाक्का, समदं बरोबर लिवलंय तुमी. मग हितंच काय झालं? चश्मा न्हवता का?"

प्रियंका पिशवीचं तोंड बांधत होती. तिनं कागद हातातनं घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "चिंच गोंडस असते. बाळ आंबट आहे."

भारतला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

प्रियंकाचे डोळे भरले. "आत्या, परीक्षेत सुदिक माज्या लेकीला गोंडस म्हणवलं न्हाय तुमाला? चिंच बरी तिच्यापरीस?"

"चिंचंला काय व्हतंय?" मायाक्का म्हणाली. "चिंच वाळली तर वाळू दे की. झाड आपलं न्हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? लेकराला लिवून ठिवू व्हय तसलं?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. भारत म्हणाला, "अगं, मला अजून उकिरड्या म्हणती ती. मी काय टाकून दिल्यालं हाय का?"

मायाक्का जमिनीकडं बघत बोलली, "ह्याच्या आदी एक झाल्तं. येणारा-जाणारा गोंडस म्हणायचा. ताप आला आन् गेलं. नजरंनं गेलं का तापानंच, मला काय ठावं? म्या तवापासनं जोखीमच घेतली न्हाय."

भारतलाही हे नवीन होतं.

प्रियंकानं कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग तिनं विचारलं, "मग मला उठता-बसता आळशी म्हणता, ते? ते बी नजर लागू नये म्हणूनच व्हय?"

मायाक्कानं प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाय," ती म्हणाली. "आळशी तू हायसच."

मास्तरांना ठसका लागला. प्रियंका तोंडाला पदर लावून आत गेली. हसत गेली का रडत, कुणालाच कळलं नाही. मास्तर जाता जाता म्हणाले, "चूकच देणार बरं का मी हे."

"द्या की," मायाक्का म्हणाली.

सकाळी फाट्यावर एस्टी आली. सगळ्या पिशव्या निघाल्याच होत्या, एक मायाक्काच्या डोक्यावर, बाकीच्या भारतच्या हातात. रात्रीपासनं सुनेनं एक शब्द काढला नव्हता. खिडकीजवळ जागा मिळाली, आणि शेजारची म्हातारी बाळाची हनुवटी धरून म्हणाली, "अगं बया, किती गोंडस!"

प्रियंकानं चटकन बाळाला पदराखाली घेतलं. "कशाची गोंडस ओ मावशी? आंबट हाय नुसती."

म्हातारी बघतच राहिली. खाली मायाक्काही.

कंडक्टरनं घंटी मारली तशी प्रियंकानं खिडकीतनं एक पिशवी खाली सोडली. "आत्या, ही घरी न्या. कुंची आन् पाळण्याची दोरी हाय. चार दिसाला एवडं कशाला वाहू?"

"चारच दिस?"

"मग काय जल्मभर ऱ्हाऊ? आन् वर्ग बुडवू नका."

गाडी धुरळा उडवत गेली. मायाक्का पिशवी पोटाशी धरून उभीच. "उकिरड्या," तिनं विचारलं, "ती मला चिडवून गेली का रं?"

"मला काय ठावं, आये."

घरी येऊन तिनं आधी पाळण्याला दोरी बांधली. गाठ ओढून बघितली, आणि रिकाम्या पाळण्यात बघून पुटपुटली, "शेंबडी कुटली."