वाफबाई आणि टाकीतलं शेवाळ

कल्पना करा, तुमचा उजवा हात कोपराच्याही वर खाऱ्या पाण्यात बुडालेला आहे. बोटांत जुना टूथब्रश आहे. समोर मुठीएवढा दगड, दगडावर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ, आणि त्या शेवाळाच्या मधोमध अंगठ्याच्या नखाएवढं जांभळं प्रवाळ. प्रवाळाला ब्रश लागता कामा नये. लागला तर ते मिटेल आणि चार दिवस उघडायचं नाही. शेवाळ मात्र मुळापासून उपटायचं. उपटलेला पुंजका पाण्यात सुटला, की दुसऱ्या दगडावर जाऊन संसार थाटतो. म्हणून डाव्या हातात रबरी नळी धरायची आणि तो लगेच ओढून बादलीत सोडायचा. हे सगळं स्टुलावर उभं राहून, ड्युटीला निघण्याआधीच्या पाऊण तासात. जमेल?

वाफबाईला जमत होतं. नुसतं जमून भागत नव्हतं, एवढंच. आज साफ केलेला दगड परवा पुन्हा हिरवा.

इस्पितळात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे निर्जंतुक करणारं वाफेचं यंत्र ती बावीस वर्षं चालवत होती, म्हणून ती वाफबाई. "वाफबाईच्या हातून आलेला चिमटा मी डोळे झाकून दातात धरीन," असं मोठे सर्जन म्हणायचे. ती हसायची नाही. तिला ते अगदी बरोबर वाटायचं. स्वच्छ म्हणजे काय, तर ज्याच्यावर जिवंत असं काहीही उरलेलं नाही ते. एवढं साधं होतं.

माशांची ही टाकी नवऱ्याची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आला, की हातपाय धुऊन या चार फुटी समुद्रासमोर बसायचा. अकरा वर्षं त्यानं ती एकट्यानं सांभाळली. वाफबाईचा टाकीशी संबंध फरशीवरच्या मिठाच्या डागांपुरता, आणि त्यावरून होणाऱ्या भांडणापुरता.

सात महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घरी आणल्यावर तो छताकडे बघत पडून राहायचा. वाफबाईनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, कुणीही हाक मारली तरी डोळे हलायचे नाहीत. मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनं एकदा सहज त्याची खाट बैठकीच्या खोलीत, टाकीशेजारी सरकवली. दुसऱ्या आठवड्यात त्याची नजर पिवळ्या माशामागे फिरली. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"काकू, ही खिडकी उघडी राहिली पाहिजे," ती मुलगी म्हणाली. "नजरेमागून मान येईल, मानेमागून खांदा. टाकी सोडू नका."

आणि खरंच मान आली. वीतभर वळायला लागली. वाफबाई इस्पितळात सगळ्यांना हातानं माप करून दाखवायची, एवढी वळते.

पण आजारपणाच्या धावपळीत दोन महिने टाकीचं पाणी बदललं नव्हतं. शेजाऱ्यांनी मायेनं मूठ मूठ खाणं टाकलं होतं. पाण्यात खत साचलं आणि शेवाळ माजलं. आधी दगडांवर, मग प्रवाळांच्या देठांवर, मग काचेवर. काच हिरवी झाली तशी त्याची नजर अडखळायला लागली. मासा दिसेनासा झाला, की तो डोळे मिटून घ्यायचा. वाफबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं पदर खोचला. प्रवाळ नसलेले अकराच्या अकरा दगड बाहेर काढले. टाकीचं पाणी गाळणाऱ्या गाळणीतला स्पंज, तिच्यातल्या मातीच्या कांड्या, सगळं काढलं. न्हाणीघरात क्लोरीनचं पाणी केलं, घड्याळ लावलं, ब्रश मारला, तीन पाण्यांतून काढलं, पांढऱ्या कापडावर ओळीनं वाळत ठेवलं.

नणंद दारात उभी राहून बघत होती. "वहिनी, दादाच्या दगडांचं ऑपरेशन का आज? भूल दिलीत ना?"

"वन्सं, हसा तुम्ही. हातमोजे द्या तेवढे."

संध्याकाळी दगड परत आत गेले, पांढरेशुभ्र. पाणी इतकं नितळ, की टाकी रिकामी वाटावी. तो बराच वेळ बघत होता. तीन दिवस वाफबाई तरंगत होती.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी उताणी पडली. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आणि आठवड्याभरात शेवाळ आलं ते असं, की आधीचं बरं होतं.

टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. नवरा तिथलं जुनं गिऱ्हाईक. तिनं सगळं सांगितलं. क्लोरीनचं सांगितल्यावर मासेवाल्यानं हातातली जाळी खाली ठेवली.

"वहिनी, दगड धुतलेत? कशानं म्हणालात?"

"क्लोरीननं. वीस मिनिटं. नीट धुतलेत हो, मी तेच काम करते."

"तेच तर." तो स्टुलावर बसला. "अहो, त्या दगडांत जंतू असतात. माशांची घाण तेच खातात. टाकीचं पोट होतं ते. तुम्ही पोटच काढून ठेवलंत."

"जंतू हवे असतात?"

"नुसते हवे नाही. दादांनी अकरा वर्षं मासे नाही पाळले, जंतू पाळले. मासे आपले वरवर."

वाफबाईनं काउंटरवरचा मिठाचा चुरा बोटानं गोळा केला आणि पुन्हा पसरला. मग विचारलं, "आता?"

त्यानं बाटलीभर जंतू दिले, चार गोगलगाई दिल्या. खाणं दिवसाआड, चिमूटभर. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. "आणि तीन दिवस पूर्ण काळोख. दिवा बंद, वर जाड चादर, कुठून तिरीप जाता कामा नये. शेवाळाला उजेड नाही मिळाला तर ते मरतं. प्रवाळ तीन दिवस काढतं. नाहीतर महिन्याभरात टाकी गेली म्हणून समजा."

तीन दिवस. तिनं मनात हिशोब केला. टाकी गेली तर कायमची गेली. तीन दिवसांचं काय एवढं.

इस्पितळातली जाड हिरवी चादर तिनं मागून आणली. हे काम तिच्या हातचं होतं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, कोपरे दुमडलेले, मागच्या तारेच्या भोकातही कापडाचा बोळा. खोलीतला पडदाही ओढला. तिनं टाकीभोवती दोनदा फिरून डोळ्यांत तेल घालून बघितलं. कुठेही तिरीप नव्हती.

"अहो, तीनच दिवस हं," ती चिकटपट्टी दातानं तोडता तोडता म्हणाली. त्याच्याकडे पाठ होती.

त्या आठवड्यात इस्पितळात शस्त्रक्रियांची रांग लागली होती. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, त्याला भरवायची, पुसून काढायची, आणि चादरीचे कोपरे तपासायची. दिवसा नणंद त्याच्यापाशी बसायची.

चौथ्या सकाळी तिनं चादर सोडली. मासेवाला खोटं बोलला नव्हता. शेवाळ राखाडी पडून गळत होतं, नळीनं नुसतं ओढलं तरी निघत होतं. काचेवर कापड फिरवलं तशी काच स्वच्छ झाली. जांभळं प्रवाळ जिवंत होतं, देठ किंचित फिकट, एवढंच. पिवळा मासा बाहेर आला आणि काचेला तोंड लावून उभा राहिला.

"अहो, बघा," ती म्हणाली. "बघा ना."

त्याचं तोंड भिंतीकडे होतं. तिनं हळूच हनुवटी धरून मान वळवली. वळली. सोडल्यावर परत भिंतीकडे गेली. डोळे उघडे होते, पण ते कशावरही नव्हते.

दोन दिवसांनी व्यायामवाली मुलगी आली. तिनं टाकीवर टिचकी मारली, टॉर्च फिरवला, त्याच्या कानाशी बोलली. मग वहीत काहीतरी लिहिता लिहिता थांबली. "काकू, हे कधीपासून?"

वाफबाईनं नणंदेकडे बघितलं.

"मला काय ठाऊक गं बाई," नणंद म्हणाली. "मी इथेच बसले होते, पण दाराकडे तोंड करून. झाकलेल्या टाकीत काय बघायचं? गप पडला होता. मला वाटलं, झोपलाय."

"एकदाही बघितलं नाहीत, वन्सं?"

"वहिनी, तुम्हीच म्हणालात ना, तीनच दिवस."

मुलगी म्हणाली, वाट बघू, कधी कधी परत येतं. किती दिवसांनी ते तिनं सांगितलं नाही, आणि वाफबाईनं विचारलंही नाही.

टाकी आता छान आहे. मासेवाला येऊन बघून गेला, "दादांच्या तोडीची झाली," म्हणाला. गोगलगाई काचेवरून फिरतात. दगडांवर जांभळट थर धरू लागलाय, म्हणजे पाणी निरोगी होतंय. वाफबाई रोज सकाळी ब्रश घेऊन स्टुलावर चढते, बघते, आणि उपटायला काही नाही म्हणून उतरते.

मग ती खाट आणि भिंत यांच्या मधल्या हातभर फटीत शिरते, अंग चोरून बसते. तिथे त्याचा चेहरा समोर येतो. ती त्याचा गाल पुसते, विस्कटलेली कॉलर सारखी करते. ड्युटीची वेळ होते तरी उठत नाही.

"अहो," ती विचारते, "पहिल्या दिवशी तुम्ही चादरीकडे बघत होतात का? किती वेळ?"