वेल्डरसाठी गुलाब

गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सलून होतं, त्याला लहानथोर सगळे मामाच म्हणत. मामाची जीभ कात्रीपेक्षा जोरात चाले. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दाढी करायला तो घरी जाई, तेव्हा तीच जीभ मऊ होई.

समोरच्या वेल्डरचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा मामा आपणहून वस्तरा घेऊन गेला. लोखंडी फाटक एकट्यानं खांद्यावर घेणारा हा गडी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"लांब बस मामा. अंगाला वास येतो माझ्या."

वास येत होता, खोटं कशाला बोला? मलमाचा, औषधाचा, घामाचा. बायको दिवसातून दोनदा अंग पुसून काढी, तरी तो हटत नव्हता. पण मामाला खरं लागलं ते वेगळंच. वेल्डरनं सासरी असलेल्या लेकीला 'येऊ नकोस' असा निरोप धाडला होता.

मामानं दाढी उरकली आणि सलूनमधलं लिंबाच्या वासाचं पाणी गालांना लावलं. वेल्डरनं नाक मुरडलं. "फरशी पुसल्यासारखं वाटतंय."

दुसऱ्या खेपेला मामा बायकोच्या कपाटातलं गुलाबाचं अत्तर घेऊन गेला. आता वेल्डर खवळलाच. "गुलाब? मला काय नवरी करून बसवतोस?"

मामा हिरमुसला, पण हात टेकणाऱ्यातला नव्हता. सलूनच्या मागच्याच घरी येऊन त्यानं लवंग, दालचिनी आणि मिरी कुटली, तेलात मंद गरम केली, गाळली आणि त्यात गुलाबाचं अत्तर मिसळलं. आधी स्वतःच्याच मानेला चोळून बघितलं. मान टोमॅटोसारखी लाल झाली. दिवसभर गिऱ्हाइकं विचारत राहिली, "काय मामा, आज मामीनं धरलं होतं की काय?"

मामीनं मानेवर थंड पाण्याची पट्टी ठेवली आणि पातेल्यात डोकावली. "अत्तर करताय की फोडणी देताय? सरका बाजूला."

तिनं दालचिनी नावापुरती ठेवली, लवंग आणि मिरी चिमटीवर आणली आणि चंदनाचं तेल घातलं. रोज थोडं करायचं, मामाच्या मनगटावर लावायचं, हुंगायचं, पुन्हा करायचं. दोघं पोरांसारखी भांडत. शेवटी एका संध्याकाळी मामी मनगट हुंगून बाटली शोधायला उठली. मामाला तेवढं पुरलं.

पुढच्या खेपेला दाढी झाल्यावर त्यानं वेल्डरच्या मानेला दोन थेंब लावले. वेल्डरनं डोळे मिटले.

"ऊबदार आहे," तो म्हणाला. "आधी तिखट लागतं, मग मागून कायतरी गोड येतं. काय आहे रे?"

"गुलाबच आहे," मामा म्हणाला. खोटं बोलून लावायचं त्याला पटत नव्हतं. "पण तुझ्याजोगा केलाय."

वेल्डरनं एक डोळा उघडला. "असू दे मग."

त्या आठवड्यात त्यानंच बायकोला लेकीला फोन लावायला सांगितलं. ती आली तेव्हा मामा वस्तरा पुसत होता. लेक दाराशीच थबकली, कारण बापानं तिला महिनोन्‌महिने तोंड दाखवलं नव्हतं. वेल्डरनं डावा हात पुढे केला. ती जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

"बाबा, किती छान वास येतोय तुम्हाला."

वेल्डर डाव्या हातानं तिचे केस थोपटत राहिला. मामानं सामान आवरलं आणि पायात वहाणा घालायचंही विसरून बाहेर पडला.

पुढे वेल्डर चालू काही शकला नाही. पण संध्याकाळी खुर्ची दारात मांडायला सांगू लागला, येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेऊ लागला. जवळ बसून उठलेला ट्रकवाला, मग गवंडी, मग शाळेतला शिपाई मामाकडे येऊन हळूच विचारू लागले, "ते वेल्डर लावतात ते आहे का?"

"आहे. गुलाबाचं आहे, चालेल ना?" मामा आधीच सांगून टाकी. एकानंही नको म्हटलं नाही.

आणि कुणी तारीफ केलीच, तर मामा कात्री थांबवून आतल्या खोलीकडे मान वळवी. "माझ्या हातानं नुसती मान भाजली होती. बनवलंय तिनं."