आधी आडनाव, मग नाव

"म्हणजे आमची पानं हा वाढणार?"

डोंबिवलीच्या हॉलमध्ये सहलीआधीची बैठक चाललेली. सिंगापूरला निघालेली चाळीस माणसं. मी त्यांचा सहल व्यवस्थापक, पहिल्यांदाच. पुढच्या रांगेतल्या काकूंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी हे विचारलं. मला नाही, साहेबांना.

साहेब म्हणजे आमच्या सहल कंपनीचे जनरल मॅनेजर, विमान कंपनीतून आलेले. म्हणाले, "छे हो काकू. हा फक्त पासपोर्ट सांभाळणार. वाढायला आपला महाराज आहे की."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून थुंकून टाकता येत नाही.

ठाण्याच्या ऑफिसात सात वर्षं मी तिकिटं लिहिली. ज्यांना लिहायला शिकवलं ते मॅनेजर झाले. मी काउंटरवरच. ही सहल हातची गेली की माझं सगळंच गेलं, हे मला कळत होतं. पोरगा सिंगापूरला चाललाय, असं आंबिवलीच्या चाळीत आईने घराघरात सांगून ठेवलेलं. घरी गेलो तर विचारते, "तिकडं तुला समद्यांसंगं जेवाय बसवतील ना रे?"

हो म्हणालो. खोटं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बिल्ला पुढे सरकवला. नुसतं पहिलं नाव. "आडनाव गाळलंय. मनाला लावून घेऊ नकोस. ही टूर नीट काढ, आल्यावर मॅनेजर करतो."

मी बिल्ला उचलला. लावणारच होतो. हे लपवत नाही.

टेबलावर माझ्याच हातची तिकिटं पडलेली. विमानाच्या तिकिटावर आधी आडनाव लिहायचं, मग तिरकी रेघ, मग नाव. साहेबच आम्हाला बजावायचे, आडनाव चुकलं तर माणूस विमानात चढत नाही. त्या गठ्ठ्यात माझंही तिकीट होतं. आडनाव पहिलं.

"साहेब, तिकिटावर चालतं. छातीवर का नाही?"

"भाषण नको. लोकांचं बघावं लागतं. लाव, नाहीतर दुसरा जाईल."

"मग मी का जात नाही ते लिहून द्या. कंपनीच्या कागदावर, सहीनिशी."

साहेबांनी पेनाला हात लावला नाही.

दुसरा गेला. आईला खरं सांगितलं. चार दिवस ती नळावर गेली नाही.

आता राजीनामा मागतायत. देणार नाही. काढायचं तर कारण लिहून काढा. ते लिहायची त्यांची हिंमत होत नाही, तोवर मी रोज साडेनऊला काउंटरवर बसणार.