गंज सोडवणारी बाई

भांडं हातात घेतलं की ती आधी बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि कान लावायची. कोणी हातोडी घेऊन सरसावला, की म्हणायची, "ठोकू नोका जी. त्याले बोलू द्या."

भांड्यांचं मन कळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पन्नासच्या दशकात सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. तिथं ती लग्नाकार्यात भांडी घासायची. वाटीत वाटी, गडव्यात पेला अडकला, की बाया तिच्याकडे धावत. एका सासूच्या वाट्या सोडवून देताना ती म्हणाली होती, "आता सुनेलेही जरा सैल सोड."

भात आणि वरण शिजवायला गावाचे पितळेचे दोन मोठाले गंज, म्हणजे पातेली, होती; एक दुसऱ्याहून जरा लहान. एका लग्नाची व्यवस्था माझ्याकडे होती. मोठ्या गंजातला भात चटईवर काढून झाला, तोच ब्रह्मपुरीकडून येणाऱ्या छकड्यांचे घुंगरू ऐकू आले. वाट मोकळी करायच्या घाईत मी शेजारचा धुतलेला, थंड, लहान गंज उचलून त्या गरम, पेजेनं माखलेल्या गंजात घातला आणि वऱ्हाडाला सामोरा गेलो.

परत येऊन पाहतो तर चार गडी लहान गंजाच्या कड्या ओढून थकलेले. मोठा गंज निवून आवळला होता, पेज वाळून डिंकासारखी झाली होती. वरणाची डाळ भिजून तशीच पडलेली, आणि वऱ्हाड हातपाय धुऊन तयार.

नवरीचा काका तिच्यावर उखडला. "गंजात गंज काऊन घातला? यापुढं या गावच्या लगनात भांड्याले हात लावायचा नाई."

ती माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "मी तं पालथा ठेवला होता."

मी धोतराचा सोगा झटकत राहिलो.

मग ती कामाला लागली. लहान गंजात विहिरीचं पाणी भरवलं. दुसऱ्या भाताचं आधण चुलीवर एका हंड्यात खळखळत होतं; ते तांब्या तांब्यानं मोठ्या गंजाच्या बाहेरून ओतत ती गोल फिरू लागली. टिचकी, कान, पुन्हा आधण. गंजाची पूजा करून राह्यली का, असं काकानं विचारलं. तिनं मान वळवली नाही. एका टिचकीला थांबली आणि गड्यांना म्हणाली, "आता ओढू नोका. पिळा."

'डब्' असा आवाज झाला. लहान गंज फिरला आणि पाण्यासकट वर आला. कोणी न सांगता डफडं वाजू लागलं. काकानं सगळ्यांसमोर तिला हात जोडले.

पुढं मी निवृत्त झालो तेव्हा मानपत्रात छापलं होतं, की गुरुजींनी विज्ञानाच्या युक्तीनं गावाचे गंज सोडवले. मी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. ती तोवर जगात नव्हती. आज ते उतरवलं आहे. गंज अडकवला मी. सोडवला तिनं.

एरवी ती सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी बसून जेवायची. त्या दिवशी काकानं तिला बायांच्या पहिल्या पंगतीत, नवरीच्या मावशीशेजारी बसवलं. वरण वाढत मी तिच्या पानापाशी आलो आणि माझा हात थांबला. तिनं भाताचं ऐसपैस आळं केलं, पदर सावरला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाढा गुरुजी. लाजू नोका."