हौदावरची रात्रपाळी

तीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर होतो, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. त्यामुळे झोपेबद्दल कोणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, मग तो डॉक्टर असो की मोबाइल. आठवड्याला पाळी बदलली की शरीर कसं रुसून बसतं आणि त्याची समजूत कशी काढायची, हे मी स्वतःच्या अंगावर शिकलो आहे. म्हणून लेक अमेरिकेहून अडीच वर्षांच्या नातीला घेऊन येणार म्हटल्यावर मी जाहीर करून टाकलं की या वेळी पोरीची झोप माझ्याकडं.

त्याला कारण होतं. तिथला दिवस म्हणजे आमची रात्र. आदल्या वर्षी त्या दोघी आल्या तेव्हा नात रात्रभर टक्क जागी असायची आणि दिवसा गाढ झोपायची. लेकीला ना रात्री झोप ना दिवसा. आठव्या दिवशी तिनं तिकीट बदललं आणि निघून गेली. बायको महिनाभर त्या खोलीतली चादर बदलेना. या वेळी मे महिन्यात तीन आठवडे राहायचं ठरलं होतं आणि ते तीनही आठवडे मला पुरे हवे होते.

माझी पद्धत साधी होती. शरीराला एकदम ओढायचं नाही, रोज तासभर सरकवायचं. सकाळी पोरीला उठवून उन्हात न्यायचं. मी तिला स्कूटरवरून छावणीच्या बाजूला न्यायचो, कोंबड्या-बकऱ्या दाखवायचो, घरी आणून भरवायचो. दुपारी दोन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. आणि रात्री जाग आली तर दिवा नाही, मोबाइल नाही, अंधारातच गुपचूप बसायचं, म्हणजे ही रात्र आहे हे शरीराला कळतं. लेक म्हणाली, "बाबा, हे असंच तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलंय." मी म्हटलं, त्यांनी कोणत्या पाळीला काम केलं ते विचार.

दुपारी तिला उठवणं मात्र माझ्या अंगावर यायचं. हाक मारून, पायाला गार पाणी लावून, उचलून घेऊनही ती जागी व्हायची नाही. डोळे उघडायची पण त्या डोळ्यांना मी दिसायचो नाही. ती माझ्या खांद्यावरून मागं बघत राहायची, तिथं कोणीतरी उभं असावं तशी, आणि मग एकाएकी किंचाळायची. बायको दारात उभी राहून ते बघायची. "तुम्ही त्या लेकराला कुठून ओढून आणताय, काय ठाऊक," ती एकदा म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो, पण रात्री तेच वाक्य आठवत राहिलं.

रात्री एकच्या सुमाराला नात उठायची. लेकीला झोपू द्यायचं म्हणून मी तिला उचलून पोर्चमध्ये आणायचो. आमचं सिडकोतलं लहानसं घर. पोर्चच्या फरशीखाली हौद आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, ते कधी रात्री दोनला, कधी पहाटे, त्यामुळे गल्लीत हौद नसलेलं घर नाही. आमच्या हौदाला लोखंडी झाकण आहे आणि त्याला मोटारीच्या पाइपासाठी मुठीएवढं भोक आहे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो, नात फरशीवर इकडं तिकडं करायची. फरशी रात्री गार असते, म्हणून पालथी पडून राहते असं मला वाटायचं. हौद आठवडाभर रिकामा होत जायचा आणि ती झाकणावर गाल टेकून पुटपुटत असायची.

तिसऱ्या रात्री तिनं मला सांगितलं, "आजोबा, ती पण झोपत नाही."

"कोण?"

तिनं खाली बोट दाखवलं. मला वाटलं, फरशीवर पडलेली बाहुली. मी बाहुली उचलून तिच्या हातात दिली. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुन्हा पालथी पडली.

इथं एक सांगायला हवं. प्रेसच्या धडाक्यानं माझे कान गेलेले आहेत. समोरचा बोलला तर कळतं, बारीक आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलेली बायको दारात आली आणि खांब धरून उभी राहिली, तेव्हा काय झालं ते मला कळलं नाही. तिनं मला आत ओढलं.

"पोरगी कोणाशी बोलायली?"

"स्वतःशीच. लहान मुलं बोलतात."

"नाय. पोरगी बोलली आन् मागून दुसरं कोणीतरी बोललं. माझ्या कानानं ऐकलं मी. लहान पोरीचा आवाज हाय, लई खालून आल्यावानी."

मी हसलो. तुझ्या माहेरी वैजापुरात प्रत्येक चिंचेवर कोणी ना कोणी राहतंच, असं काहीतरी बोललोही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन नातीची दृष्ट काढली आणि मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका आला नाही. नाकाशी साधी चुरचुरही झाली नाही. ठसका नाही याचा अर्थ दृष्ट जबरदस्त, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बायको माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं मिरच्या जुन्या असतील, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या हातावर काटा आला होता आणि तो तिला दिसायला नको होता.

तरी माझी पद्धत लागू पडत होती. जाग एकची दोनवर गेली, दोनची तीनवर. लेकीच्या डोळ्यांखालचं काळं उतरलं. तिकिटाचा विषय निघाला नाही. रात्रपाळीत नातीच्या तोंडी मात्र ती खालचीच असायची. ती रडते. तिला भूक लागते. तिला आई नाही. "तिला वर आण ना," एका रात्री ती म्हणाली. मी बरं म्हटलं. मुलांना आपण कशालाही बरं म्हणतो.

नवव्या रात्री पाणी आलं.

तीन वाजले होते, नात नुकतीच उठून माझ्या मांडीवर बसली होती. नळातून आधी हवा येते, फसफस करत, मग गढूळ पाणी, मग चांगलं. आमच्याकडं नळाला पाइप लावून तो थेट हौदात सोडावा लागतो, म्हणून झाकण बाजूला सरकवायचं. वर्षानुवर्षं मी हे झोपेतसुद्धा करत आलो आहे. आठ दिवसांनी आलेलं पाणी भरून होईपर्यंत झाकण लावायला इथं कोणीही उठत नाही. आणि रात्री तीनला घरातलं लहान मूल जागं असेल हे आमच्या कोणाच्या हिशेबात कधी नव्हतंच. मी झाकण सरकवलं, पाइप सोडला आणि पोरीला मांडीवर घेऊन बसलो. हौद माझ्या पायांपासून चार पावलांवर, उघडा.

रात्रपाळीत घात होतो तो साडेतीनला. त्या वेळी माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. म्हणून प्रेसवर आमची जोडी असायची. एकाची मान पडली की दुसरा लोखंडावर पाना आपटायचा. आणि पाळी संपली की घडलेलं सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं, कुठं मशीन अडकलं, कोणाला डुलकी लागली. लाज वाटली तरी लिहायचं, कारण त्याच मशीनमध्ये पुढच्या पाळीचा माणूस हात घालणार असतो. आयुष्यभर मी नव्या पोरांना हे बजावत आलो, साडेतीनला एकटं बसायचं नाही.

त्या रात्री मी एकटा बसलो होतो. पाणी पडत होतं, वारा बरा होता, नातीचं डोकं माझ्या छातीवर होतं. एवढंच आठवतं.

जाग आली ती आवाजानं. पाणी केव्हा थांबलं होतं कोणास ठाऊक. सगळी गल्ली शांत होती आणि लहान मुलीचा आवाज म्हणत होता, "ये."

मग दुसरा आवाज म्हणाला, "ये."

दुसरा आवाज खोल, ओला, जमिनीतून आलेला. माझ्या या गेलेल्या कानांनाही तो ऐकू आला. चौथ्या रात्री बायकोला जे ऐकू आलं आणि मला आलं नाही, ते आता इतकं स्वच्छ होतं की क्षणभर मी जागचा हललोच नाही. भीतीनं हललो नाही, खोटं कशाला सांगू. माझी मांडी रिकामी होती हे मला त्यानंतर कळलं.

नात हौदाच्या काठावर पालथी होती. डोकं आत, छाती आत, दोन्ही हात खाली सोडलेले. काळ्या पाण्यात रस्त्याच्या दिव्याचा एक तुकडा हलत होता आणि त्या तुकड्यात एक चेहरा होता, तिच्याकडं बघणारा, हात वर केलेला. "ये," नात म्हणाली आणि आणखी पुढं सरकली. "ये," खालून आलं.

मी तिचा पाय धरला. एका हातात तिचा घोटा मावला, इतका तो लहान होता. ओढून घेतली तेव्हा तिचा झगा काठाच्या लोखंडात अडकून टर्रकन फाटला. ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून मागं, उघड्या हौदाकडं बघत म्हणाली, "आजोबा, ती येत होती." मी झाकण ओढलं, त्यावर पाण्यानं भरलेली बादली ठेवली आणि पोरीला घेऊन आतल्या दाराला कडी लावली. माझे दात वाजत होते, मे महिन्यात.

सकाळी ती सातपर्यंत झोपली. पहिल्यांदाच. लेक हसत बाहेर आली, "बाबा, मानलं तुम्हाला. तुमची रात्रपाळी जिंकली." मी चहा पीत होतो. झग्याचं काय झालं विचारलं तेव्हा खुर्चीला अडकला म्हणून सांगितलं. तीन आठवडे पुरे झाले. आयुष्यात मला इतकी शाबासकी कधी मिळाली नाही, आणि मी ती घेतली.

त्या गेल्यावर मी झाकणाला कुलूप बसवलं, भोकाला जाळी लावली, पाइपाला आतून कायमची वाट करून घेतली. तो हौदातला घुमारा होता, हे मला कळतं. रिकाम्या पिंपातही आवाज असाच परत येतो, आणि पाण्यात दिसला तो तिचाच चेहरा. पण साडेतीनला मला अजून जाग येते. मी पोर्चमध्ये जातो, कुलूप हलवून बघतो. व्हिडिओवर नात विचारते, "ती झोपली?" मी म्हणतो, झोपली. लेक हसते. तिला वाटतं, आजोबा-नातीचा काहीतरी खेळ आहे.

गेल्या रविवारी लेकीचा फोन आला. हिवाळ्यात तिला कामासाठी महिनाभर फिरावं लागणार आहे. नातीला आमच्याकडं ठेवायचं म्हणते, एकटीला. "तिची झोप तुमच्याशिवाय कोणाला जमणार, बाबा?" बायकोनं शेजारून केव्हाच हो म्हणून टाकलं. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

आज दुसरा दिवस आहे. तोंडानं सांगायला गेलो तर मी काहीतरी गंमत करून वेळ मारून नेईन, माझा मला भरवसा नाही. म्हणून हे लिहून तिला पाठवतो आहे. वाच आणि मग ठरव, बेटा. पाळी सोपवताना घडलं ते लिहायचं असतं. नववी रात्र, पहाटे साडेतीन. हौद उघडा होता. मी झोपलो होतो.