वच्छलाबाईंचा लाल मातीतला पोट्टा

वच्छलाबाई टेनिस बघतात हे मला भिंतीतून कळलं. अमरावतीला त्यांच्या शेजारी आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मे महिना, कूलरच्या घरघरीत जरा डोळा लागला होता, आणि पलीकडून आवाज आला, "मार ना बे पोट्ट्या! हात काहून आखडून राहिला?"

मला वाटलं, कुणाच्या लेकरांची मारामारी लागली. उठून गेले. वच्छलाबाई एकट्याच टीव्हीपुढे बसलेल्या, मांडीवर सुपात तुरीची डाळ, आणि पडद्यावर लाल मातीत दोन उंच माणसं धावत होती.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "हा इकडचा आपला. तिकडचा कोन हाय, कोन जाने."

"आपला" म्हणजे एमिलियो बारेता. अर्जेंटिनाचा, डावखुरा, गुडघ्याला कायम पट्टी. लाल मातीवर खेळायचा तेव्हा भल्याभल्यांना दमवायचा, बाकी वर्षभर कुठे असायचा ते आम्हाला ठाऊक नसे. त्याचं नाव वच्छलाबाईंच्या तोंडात कधी बसलं नाही आणि त्यांनी बसवायचा प्रयत्नही केला नाही. पोट्टा म्हटलं की झालं. पोट्टा तेव्हा तिशीला आलेला होता.

वच्छलाबाईंचं सगळं आयुष्य चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात काळ्या मातीत गेलं. मालक गेल्यावर वावर दिराला बटईनं दिलं आणि मुलगा नितेश नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला म्हणून त्या शहरात आल्या. शहरात हाताला काम नाही. संध्याकाळी टीव्ही लावावा तर बातम्यांत आपलेच जिल्हे, आपलीच गावं, आज कुणी काय पिऊन जीव दिला त्याची आकडेवारी. एकदा त्यांच्या गावाला लागून असलेल्या गावाचं नाव आलं. त्या उठल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि हाताला येईल ते बटण दाबत गेल्या. थांबल्या तिथे एक माणूस मातीत घसरत जाऊन चेंडू मारत होता, मोजे गुडघ्यापर्यंत लाल झालेले.

"मले लय बरं वाटलं पाहा," त्यांनी मला सांगितलं होतं. "इतका मोठा मानूस, मातीत लोळून राहिला आन् लोक टाळ्या वाजवून राहिले. मंग दोघं-तिघं आले, झाडू घेतला, जाळी घेतली, सारं वावर झाडून सारखं केलं. पानी शिंपलं. जसं काही झालंच नाई. आपल्याकडं कोनी असं येऊन सारखं करून देते काय?"

तेव्हापासून एप्रिल लागला की वच्छलाबाईंचा हंगाम सुरू व्हायचा. आधी समुद्राकाठचं मोनॅको, मग रोम, शेवटी पॅरिस. गावांची नावं त्यांना बाजाराच्या वारांसारखी पाठ होती.

आणि त्यांना या नादात एक जोडीदारीण होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या इफ्फतआपा. वच्छलाबाईंचं माहेर त्याच गल्लीतलं, दोघी एका नळावर पाणी भरून मोठ्या झालेल्या. इफ्फतआपा ब्लाउज शिवायच्या आणि मशीनसमोरच त्यांचा टीव्ही होता. वच्छलाबाईंनीच त्यांना हे वेड लावलं होतं. पण त्या वर्षांत लाइटचा भरवसा नव्हता. अमरावतीत असली तर अकोल्यात नाही, अकोल्यात आली की इकडची जायची. मग दोघींनी आपसात रीत पाडून घेतली. जिच्याकडे लाइट असेल तिनं फोन लावायचा आणि मॅच सांगायची. दुसरीनं अंधारात, हातपंख्यानं वारा घेत ऐकायची.

ते सांगणं मी किती वेळा ऐकलं असेल. "आला, आला, जाळीपाशी आला. हळूच टिचकी मारली व! तो दुसरा पळून राहिला येड्यासारखा. पोचला काय? नाई पोचला." इंग्रजी वच्छलाबाईंना येत नव्हतं, पण कॉमेंट्रीतले आकडे पक्के कळायचे. थर्टी, फॉर्टी, ड्यूस. त्यांचा स्कोअर कधी चुकला नाही.

मी सांगते आहे त्या वर्षी पोट्ट्यानं जाहीर केलं की गुडघा साथ देत नाही, पॅरिसनंतर खेळणं बंद. वच्छलाबाईंनी ही बातमी दिराच्या घरची असावी तशी ऐकली. "या साली एकबी मॅच सोडाची नाई," त्या म्हणाल्या.

मोनॅकोची दुसरी मॅच. अकोल्यात लाइट गेलेली, अमरावतीतून वच्छलाबाई सांगत होत्या. पुढचं मला इफ्फतआपांनीच नंतर सांगितलं. सांगणं ऐन रंगात असताना त्यांच्याकडे लाइट आली. त्यांनी आवाज बंद ठेवून टीव्ही लावला, फोन कानालाच. वच्छलाला मध्येच कशाला तोडायचं, असा विचार केला.

"पोट्ट्यानं आज पांढरी टोपी घातली," वच्छलाबाई फोनवर सांगत होत्या. "काय झकास मारून राहिला!"

इफ्फतआपांच्या टीव्हीवर पोट्टा बोडका होता. टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर होती.

मग पोट्ट्याचा एक चेंडू रेषेजवळ पडला. लाल मातीवर चेंडूचा ठसा राहतो, वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून तो बघायला येतात. पंच उतरले, कॅमेरा ठशाजवळ गेला. ठसा रेषेच्या चांगला बाहेर होता. वच्छलाबाई म्हणाल्या, "आत हाय, आत हाय. स्पष्ट दिसून राहिलं." लगेच कॉमेंट्रीतून स्कोअर आला आणि त्या म्हणाल्या, "पंचाची नजर खराब झाली वाटते."

इफ्फतआपांनी शेवटपर्यंत ऐकलं. फोन ठेवला आणि हातातलं शिवण बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या अमरावतीला हजर. पिशवीत शीरखुर्म्याचा डबा आणि सुईदोरा. दारातच वच्छलाबाईंनी गळामिठी मारली.

"न सांगता कशी आली व?"

"तुह्या हातचं वरन खायाले आली. हे घे आधी, सुई ओवून दे. माहा चष्मा घरी राहिला."

वच्छलाबाईंनी सुई घेतली. खिडकीपाशी नेली. दोरा जिभेला लावला, सुईच्या डावीकडून नेला, उजवीकडून नेला. "छिद्रच बारीक हाय इचं," त्या म्हणाल्या.

"गोधडीची सुई हाय वच्छला ते," इफ्फतआपा म्हणाल्या. "बोट जाईन त्यात."

मी तिथंच होते. वच्छलाबाईंनी सुई खाली ठेवली. इफ्फतआपांनी मग सगळंच सांगितलं, टोपीचं, ठशाचं. रागानं नाही, पण एकही गोष्ट गाळली नाही.

"कवापासून?"

"मागच्या दिवाळीपासून धुकं येते," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्याले लयच. आवाजावरनं समजते मले. चेंडू कसा वाजला, लोक कसे ओरडले. बाकीचं म्या मनानं लावतो."

"आन् मले अंधारात बसवून खोटी मॅच सांगतं?"

"स्कोअर तं खरा सांगत होतो ना व!"

इफ्फतआपांना हसू आवरेना आणि रडूही. पण वच्छलाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम होत्या. मोतिबिंदू हिवाळ्यात काढायचा असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. उन्हाळ्यात कापलं तर डोळा पिकतो, घामानं चिघळतो. त्यात ऑपरेशन झालं की दीड महिना टीव्हीकडे बघायचं नाही, असं गावच्या सहदेवच्या आईला सांगितलं होतं म्हणे. म्हणजे रोम गेलं, पॅरिस गेलं, पोट्टाही गेला. "तो परत नाई येत. डोळ्याचं काय, दिवाळीत करू. तवरक आयकून घेतो त्याले."

नितेश ड्युटीवरून आला, तोही म्हणाला, "मावशी, हिवाळ्यातच करू. एवढ्या उन्हात रिस्क काहून घ्याची?"

"दाखवाले काय जाते रे?" इफ्फतआपा म्हणाल्या. "कापू नका. दाखवा फक्त."

राजापेठेकडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही चौघं गेलो. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, यंत्रावर हनुवटी टेकवून बघितलं, मग डोळ्याचा दाब मोजला आणि दुसऱ्यांदा मोजला.

"मोतिबिंदू केव्हाच पिकून गेलाय," त्या म्हणाल्या. "आता दाब चढायला लागलाय. दिवाळीपर्यंत थांबलात तर काढायला मोतिबिंदू असेल, पण बघायला डोळा नसेल."

नितेश आईकडे बघत राहिला.

"पन बाई, उन्हाळा…" वच्छलाबाई म्हणाल्या.

"ऑपरेशनच्या खोलीत एसी आहे, आजी. तो जुना काळ होता. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, डोळा चोळायचा नाही. थेंब वेळेवर टाकायचे."

"आन् टीव्ही?"

"टीव्हीचं काय?"

"पाह्यला तं डोळा जाईन ना?"

डॉक्टरीणबाईंना कळेचना. "टीव्ही बघितल्यानं काय होतंय? बघा की. दिसावं म्हणूनच तर काढायचा ना?"

वच्छलाबाई खुर्चीत मागे रेलल्या. इतका वेळ पदराचं टोक मुठीत धरलं होतं ते सुटलं. "मंग मी कायच्यासाठी भेत होतो व इफ्फत?" त्या म्हणाल्या. "त्या सहदेवच्या मायनं मले फुकटचं घाबरवलं."

ऑपरेशन रोमच्या स्पर्धेच्या दिवसांत झालं. त्या रात्री डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यापुढे धुकं, आणि पोट्ट्याची मॅच. ऑपरेशनसाठी पुन्हा आलेल्या इफ्फतआपा पलंगाच्या पायथ्याशी बसून सांगत होत्या. त्यांचं सांगणं वेगळंच. "अब देख, तुझा पोट्टा गया उधर. नाई पोचला. हरला हा पॉइंट. थकला हाय बिचारा."

"हळू सांग, मन लावून सांग," वच्छलाबाई कुरकुरल्या. "नुसतं हारला, हारला काय? चेंडू कुठं पडला ते सांग."

"तुह्यासारखं रंगवून नाई येत मले. जे हाय ते हाय."

सकाळी पट्टी सोडली. डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजायला लावली, वच्छलाबाईंनी मोजली. मग त्यांनी मान वळवली आणि इफ्फतआपांकडे कितीतरी वेळ बघितलं.

"तू लय म्हातारी झाली व," त्या म्हणाल्या.

"आन् तू काय शाळेत जातं?"

नितेश दाराबाहेर जाऊन डोळे पुसून आला. घरी आल्यावर वच्छलाबाईंनी स्वतःच्या हातांनी टीव्ही लावला. पोट्टा आदल्या रात्री हरला होता, दुसऱ्याच कुणाची मॅच होती. त्या पुढे सरकल्या.

"हे काय व? माती लाल हाय?"

"मग? पहिल्यापासून लालच आहे," मी म्हणाले.

"मले कवाची चहासारखी दिसून राहिली होती." त्या बघत राहिल्या. "किती लाल हाय माय. कुंकवावानी."

लग्नसराईचं शिवण पडलं होतं म्हणून इफ्फतआपा अकोल्याला परतल्या. वच्छलाबाई काळा चष्मा लावून, डोक्यावरून पदर घेऊन, घड्याळ लावून थेंब टाकत राहिल्या. पॅरिस सुरू झालं. पोट्ट्यानं पहिल्या दोन मॅच जिंकल्या, दुसरी तर लंगडत. तिसऱ्या मॅचला अकोल्यात लाइट गेली. वच्छलाबाईंनी फोन लावला, मी शेजारी बसले.

"टोपी नाई घातली आज," त्यांनी सुरुवात केली. "पट्टी दोन्ही गुडघ्याले हाय. दाढी वाढून राहिली. तो दुसरा पोरगा कोवळा हाय, मिशी फुटली नाई अजून, पन मारते लय."

कॉमेंट्रीचा आवाज त्यांनी कमी केला होता. त्याची आता गरज नव्हती. चेंडू कुठं पडला, पोट्टा किती पाऊल मागे होता, कुठल्या पायावर भार टाकत नव्हता, सगळं सांगत होत्या. चौथ्या सेटला मलाच बघवेना. पोट्टा दमला होता. शेवटी एक लांब चेंडू त्यानं मारला, रेषेपाशी पडला, आणि त्यानं हात वर केला. आत आहे, असं त्याचं म्हणणं. पंच खुर्चीवरून उतरले. कॅमेरा ठशाजवळ गेला.

मी वच्छलाबाईंकडे बघत होते. त्या पुढे वाकल्या.

"बाहेर हाय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "चांगला चार बोटं बाहेर. हारला व आपला."

पलीकडून इफ्फतआपांचा आवाज आला. "चारच बोटं. बरोबर."

"तुले कसं माहीत? तुही तं लाइट गेली होती."

"कवाच आली."

"मंग बोलली काहून नाई?"

"आयकून राहिली होती. एकबी चुकीचं नाई सांगितलं तू. टोपी नाई, पट्टी दोन, सारं बरोबर."

"परीक्षा घेऊन राहिली होती काय माही?"

पलीकडून इफ्फतआपांनी नाक ओढल्याचा आवाज आला. पडद्यावर पोट्टा खाली वाकला, तळहात मातीवर टेकवला, आणि तो लाल हात तसाच वर करून चारी बाजूंच्या लोकांना दाखवला. लोक उभे राहिले. दोन गावांत दोघी फोन कानाला लावून बघत होत्या, आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

पोट्टा आत गेला. माणसं झाडू घेऊन आली आणि माती सारखी करायला लागली.

"दुसऱ्या डोळ्याचं कवा करतं?" इफ्फतआपांनी विचारलं.

"आता या उन्हातच उरकून टाकतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "हिवाळ्यापर्यंत कोन थांबते?"