वांगेरावांची वरात आणि आमचा बंटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी चहा ओतते तोवर. मग मधे मधे अडवायचं नाही. कारण माझी अशी काही फजिती झाली आहे, की नेरहून यवतमाळला जायचं म्हटलं तर बसमध्ये मी अजूनही खिडकीकडे तोंड करून बसते. त्या दिवशीच्या प्रेक्षकांपैकी कोणी चढलं तर?

पण चूक माझी एकटीची नाही बरं का! लोकांनी मला त्या टोकाला नेलं.

मी ब्लाउज शिवते, हे तुम्हाला माहीतच आहे. अस्तराचं कापड आणायला यवतमाळला गेले होते, तर दुकानाशेजारच्या भिंतीवर पोस्टर दिसलं. ‘संगीत वांगेरावांची वरात! नाच, गाणी, धमाल! सहकुटुंब या!’ जांभळ्या अंगरख्यातला नवरदेव वांगं, डोक्यावर हिरव्या देठाचा फेटा, मागे भेंड्यांच्या करवल्या. मी तिथंच उभी राहून खुदुखुदु हसले. म्हटलं, हे पाहायचंच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचं बी-बियाण्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून तोंड दुखतं म्हणून घरात बोलत नाहीत.

"लहान पोट्ट्याइचं नाटक ते," हे म्हणाले. "आपन कायले?"

"गाणे आहेत, नाच आहे, वांग्याचं लगन आहे. तुमाले तं वांगं आवडते!"

"भरीत आवडते. लगन कायले पाहू?"

आता बघा. मुलगी हैदराबादला नोकरीला गेली, तेव्हापासून आम्ही दोघं मिळून कुठं गेलो असू तर लग्नाला नाहीतर तेरवीला. दोन्हीकडे जेवायचं आणि परत यायचं. हसायला म्हणून शेवटचं कधी बाहेर पडलो, मला आठवेना. मी सरळ सांगितलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. तसे रविवारी दुपारी मुकाट्यानं चौकडीचा शर्ट घालून तयार झाले.

सभागृहाच्या दारात एक बाई तिकिटं फाडत होत्या. आमची तिकिटं हातात घेतली आणि आमच्या मागं वाकून पाहिलं.

"लेकरू कुठी आहे?"

"लेकरू नाही."

"मांगून येऊन राह्यलं का?"

"नाही हो. आमी दोघंच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बिनओळखीच्या बारशात जेवायला घुसले होते!

"ताई, हे लहान मुलाइचं नाटक होय."

"पोस्टरवर सहकुटुंब लिहिलं आहे. आमी दोघं कुटुंब नाही का?"

"आहे ना, पन…"

"पन काय? वांग्यानं गाणं म्हटलं तं आमाले आयकू येनार नाही का?"

मागं रांग खोळंबली. त्यातला एक गृहस्थ अगदी दयेनं म्हणाला, "जाऊ द्या, चुकून आले असन बिचारे. कीर्तन वरच्या हॉलात आहे, काकू."

कीर्तन! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मला सांगा, पन्नाशी ओलांडली की माणसानं फक्त कीर्तनाला जायचं, असा काही सरकारी नियम आहे का? हसायचं असेल तर सोबत एक लेकरू दाखवायचं, असं कुठं लिहिलंय का? आणि ‘बिचारे’ कोण? आम्ही?

हे माझा पदर ओढत म्हणाले, "चाल नं घरी."

"आता तं नाहीच!" मी म्हटलं आणि आत घुसले.

आत बसले तर शेजारी मारेगावची एक बाई. बसल्या बसल्या एकमेकींची गावं विचारून झाली. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, परी नावाची. बाई स्वभावानं चांगली, म्हणजे अति चांगली. तीच तर भानगड झाली! हे शेंगदाणे आणायला बाहेर गेले आणि बाई माझ्याकडे वळल्या.

"काकू, नातू का नात?"

आता हा प्रश्न मला बसमध्ये झाला, दारात झाला, पाण्याच्या नळावर झाला. पुन्हा सगळं रामायण कोण सांगणार? वैतागून तोंडातून निघून गेलं, "नातू."

"कुठी गेला?"

"हातपाय धुवाले."

"नाव काय जी?"

"बंटी."

झालं! नातवाचं नाव ठेवून मोकळी झाले मी. म्हटलं, आता अंधार होईल, नाटक सुरू होईल, संपलं प्रकरण.

पडदा उघडला. आणि काय सांगू, काय तो वांगेराव! ढोलकीच्या तालावर असा काही मुरडत आला, की मी बंटी-फंटी सगळं विसरले. वधू होती गवार. बारीक, उंच, लाजरी. मी टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात कानाशी आवाज.

"काकू, बंटी नाही आला अजून!"

"येईन हो."

"येईन काय? एवढंसं लेकरू, अंधारात एकटं!"

"तो हुशार आहे लय."

"हुशार कसा का असेना! तुमी अशा कशा बसून राह्यल्या, काकू?"

आता म्हणजे नसलेल्या नातवाची काळजी घेत नाही म्हणून मी बोलणी खात होते! मी काही म्हणायच्या आत बाई परीला खुर्चीवर बसवून उठल्यासुद्धा. धावतच स्टेजकडे गेल्या. वांगेराव गाण्याच्या मधोमध थांबला. ढोलकी थांबली. दिवे लागले.

माइकवरून घोषणा झाली, "नेरहून आलेला बंटी नावाचा मुलगा हरवला आहे. सगळ्यांनी आपापल्या खुर्चीखाली पाहावं."

अख्खं सभागृह वाकलं! मीही वाकले. वाकले कशाला, तर तोंड लपवायला. पण लोकांना वाटलं, आजी शोधतेय बिचारी.

तेवढ्यात आयोजकबाई माइक घेऊन माझ्यापाशी आल्या. "घाबरू नका, काकू. कपडे कोनते घातले आहेत त्यानं?"

माझ्या डोळ्यांसमोर आले ते ह्यांचेच कपडे. "चौकडीचा शर्ट," मी म्हटलं.

तिकडे स्टेजवर दोन बंटी आणून उभे केले होते, कुणाचे कोण जाणे. त्यातला एक भोकाड पसरून रडत होता, भेंड्या त्याला समजावत होत्या. आणि ह्याच वेळी दारातून हे आत आले. हातात शेंगदाण्याचे दोन पुडे.

"काय झालं? कोनाचं लेकरू हरवलं?"

मारेगावच्या बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तुमचाच नातू, काका!"

"माहा नातू?" ह्यांचा आवाज मुळातच दुकानातला, त्यात माइक जवळ. "माह्या पोरीचं तं लगनच नाही झालं!"

मारेगावच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे बाप्पा! म्हनून लपवून राह्यली होती का?"

आता मात्र माझ्या पायाखालची जमीन हलली. माझी गरीब गाय पोर तिकडं हैदराबादला ऑफिसात खपतेय, आणि इथं तिच्या नावावर एक बंटी! मी ताडकन उठले, आयोजकबाईंच्या हातातला माइक ओढून घेतला.

"आयका सगळे! बंटी नाही. बंटी कोनीच नाही! माह्या पोरीले काही बोलाचं काम नाही. आमाले नातू नाही. आमी दोघं नवरा-बायको नाटक पाहाले आलो. मजा कराले आलो! दारात इचारलं लेकरू कुठी, इथं इचारलं लेकरू कुठी. मी थकली, म्हनून बंटी म्हनून देलं. मोठ्या मानसाले हसाले लेकराची परवानगी लागते का?"

आता हाकलतात, असंच वाटलं. ह्यांनी शेंगदाण्याचा पुडा माझ्या हातात दिला. का दिला, त्यांनाच माहीत.

तेव्हा स्टेजवरून वांगेराव बोलला. देठाचा फेटा सावरत म्हणाला, "काकू, बसा तुमी. लेकरं तं अर्ध्या गान्यात सू ले पयतात. शेवटपर्यंत पाहनारं कोनी आमालेबी पायजे ना!"

सभागृह असं हसलं! पहिल्यांदा माझ्यावर, मग माझ्याबरोबर. निदान मी तरी तसं समजून घेतलं. मारेगावच्या बाई तेवढ्या घुश्श्यात होत्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

नाटक पुन्हा सुरू झालं. वरातीवर, कपाशी सोडून, गुलाबी बोंडअळी चाल करून आली. काय ती अळी! वळवळत वळवळत नवरीकडे सरकू लागली. पोरं किंचाळली. मी किंचाळले. आणि आमचे घरात न बोलणारे हे, खुर्चीवर उभे राहून ओरडले, "निंबोळी अर्क मार! अबे वांग्या, निंबोळी अर्क मार!"

वांगेरावानं खरंच फवारणीचा पंप मारल्याचा अभिनय केला! अळी मेली. हे माझ्याकडे बघून असे हसले, की मला वाटलं, चला, बसभाडं वसूल झालं. शेवटच्या गाण्याला तर आम्ही दोघं उभं राहून नाचलो. लोक बघत होते. बघू देत की!

शेवटी जाहीर झालं, वांगेरावासोबत फोटो काढायचा असेल त्यांनी रांग लावा. मी पर्स काखोटीला मारून धावले. अगदी पुढं पोचले आणि बघते तर कोणीतरी माझ्या कोपराखालून सुळकन पुढं घुसलं. परी!

"ए, मी पहिली होती," मी म्हटलं.

"मी पयली!" परी म्हणाली.

"मी केव्हाची उभी आहे! तू आत्ता आली."

"मी पयली! मी पयली!"

"रांगेत मधे घुसाचं नसते, समजलं का? आपापल्या नंबरानं याचं!" माझा आवाज चढला. सांगते ना, अन्याय मला सहनच होत नाही. वांगेराव आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

तेवढ्यात मारेगावच्या बाई आल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "जाऊ दे, परी. तू समजदार आहे ना बेटा? त्याइले काढू दे आधी फोटो."

परीनं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं. मोठ्ठा सुस्कारा सोडला. आणि बाजूला सरकली.

आणि मी? मी गेले ना पुढं!